नेटजवळचं गवत

मुलगी आरोही दहा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात राजेश बडेकरनं कडावच्या घरामागचं भाताचं खाचर मुरूम-माती टाकून भरून घेतलं, त्यावर रूळ फिरवला आणि गवताचं टेनिस कोर्ट केलं. गावातली माणसं येऊन बघून गेली. त्याच्या आईला, चंद्राबाईला, तर काही समजेना. जन्मभर ज्या खाचरात कंबर मोडेपर्यंत वाकून तिनं गवत उपटलं, तिथंच मुलगा गवत लावत होता, वर त्याला पाणी घालत होता. गुरांना तरी सोडायची का त्यावर, असं तिनं एकदा विचारलं. राजेश इतका चिडला की तिनं पुन्हा त्या बाजूला पाऊल टाकलं नाही.

राजेशला दुसरं कोर्ट चालणारच नव्हतं. तो गवतावर वाढला होता. त्याचे वडील येसाजी खोपोलीच्या एका कारखान्याच्या ऑफिसर क्लबात माळी होते. क्लबाचं टेनिस कोर्ट गवताचं होतं आणि ते राखणं हे येसाजींचं काम. संध्याकाळी साहेब लोक खेळून गेले की उरलेल्या उजेडात राजेश आणि चौक गावच्या गॅरेजवाल्याचा मनोज तिथं उतरायचे. गवतावर चेंडू उसळत नाही, घसरतो. तो टप्पा पडून वर येईल म्हणून वाट बघणारा फसतो. त्यामुळं दोघं आपसूक एकच खेळ शिकले. सर्व्हिस जोरात मारायची, चेंडूच्या मागोमाग नेटकडे धाव घ्यायची आणि समोरच्यानं कसाबसा परत केलेला चेंडू जमिनीला लागू न देता हवेतच मारून टाकायचा. या खेळाला सर्व्ह अँड व्हॉली म्हणतात हे त्यांना फार नंतर कळलं. त्यांना वाटायचं, टेनिस म्हणजे हेच.

या खेळावर दोघांनी राज्य गाजवलं आणि डबल्सची जोडी म्हणून देशभर हिंडले. मग ते व्यावसायिक स्पर्धांमध्ये उतरले, आणि नेमका तेव्हाच खेळ पालटला. एका माणसानं ठरवून तो पालटला असं नाही, पण राजेश बोलताना नेहमी ‘त्यांनी’ म्हणायचा. त्यांनी कोर्टं संथ केली. त्यांनी चेंडू जड केले. त्यांनी रॅकेटला ती नवी प्लास्टिकची तार लावली, जिच्यामुळं मागं उभ्या राहिलेल्या पोरानं जीव खाऊन मारलेला चेंडूही नेट ओलांडला की एकदम खाली बुडतो. राजेश पूर्वीसारखाच पुढं धावायचा आणि चेंडू त्याच्या बगलेतून, नाहीतर पायाशी बुडून, मागं निघून जायचा. आदल्या वर्षी ज्यांना त्यानं सहज हरवलं होतं त्यांच्याकडून तो हरायला लागला.

मनोजला हे लवकर उमगलं. एका मोसमात त्यानं सगळं सोडून पुण्याला जाऊन मागून खेळायचा सराव केला. राजेशला तो म्हणाला, “राज्या, आता पुढं पळण्यात राम नाय राहिला. मागं थांबायला शीक.” राजेशनं त्याच्याशी बोलणं तोडलं. त्याच्या लेखी मनोज भ्याला होता. मनोज पुढं आणखी काही वर्षं टिकला आणि मग त्यानं पुण्यात स्वतःची अकादमी काढली. राजेश एका सकाळी किटबॅग घेऊन कडावला परत आला तो कायमचाच. खालापूरच्या टोल नाक्याजवळ बंगल्यांची एक वसाहत उभी राहिली होती. तिच्या क्लबात तो मुंबईहून शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांना टेनिस शिकवायला लागला. लग्न झालं. बायको, रूपाली, खालापूरच्या तहसील कचेरीत नोकरीला होती. तिला टेनिसमधलं काही कळत नव्हतं आणि त्यानं ते कधी समजावलंही नाही.

दर जुलैत तो टीव्हीवर विंबल्डनची फायनल बघायचा ती खेळासाठी नव्हे. तो गवत बघायचा. “हे बघ,” तो लहानग्या आरोहीला जवळ ओढून सांगायचा, “पयले शेवटच्या दिवशी मधल्या पट्ट्यात माती दिसायची. नेटपर्यंत वाट पडलेली असायची, जनावरं पाण्यावर जातात तशी. आता बघ. मागच्या रेषेवर सगळं उखडलंय आणि नेटजवळ गवत जसंच्या तसं हिरवं. कोन तिथं जातच नाय.” आरोही बघायची. वडिलांचा आवाज का जड होतो हे तिला कळायचं नाही, पण नेटजवळच्या त्या हिरव्या गवतावर कुणीतरी अन्याय केलाय एवढं तिच्या मनात बसलं होतं.

पोरीत गुण होता. हात लांब, नजर तेज, आणि सर्व्हिस करताना चेंडू इतका सरळ वर जायचा की बघत राहावं. बाराव्या वर्षी ती घरामागच्या कोर्टावर कर्जतच्या कॉलेजातल्या मुलांना हरवायची. ती पुढं आली की त्यांना काय करावं ते सुचायचं नाही. राजेश रेषेबाहेर उभा राहून नुसता हसायचा. रूपाली नंतर म्हणायची की नवऱ्याला तिनं आनंदात पाहिलं ते तेवढ्याच दोन-तीन वर्षांत.

पण स्पर्धा काही कडावच्या गवतावर होत नव्हत्या. त्या पुण्याला, सोलापूरला, औरंगाबादला व्हायच्या, लाल मातीवर नाहीतर सिमेंटवर. तिथं तिच्याच वयाच्या मुली मागच्या रेषेच्याही मागं उभ्या राहायच्या, आरोही पुढं आली की डोक्यावरून उंच चेंडू टाकायच्या आणि तिला माघारी पळताना बघायच्या. ती पहिल्या फेरीत हरायची, दुसऱ्या फेरीत हरायची. परतीच्या वाटेवर गाडीत राजेश एकच गोष्ट सांगायचा. अजून तुझी उंची वाढायची आहे, अंगात ताकद यायची आहे, अठराव्या वर्षी याच पोरी तुझ्यासमोर उभ्या राहणार नाहीत. आरोही खिडकीबाहेर बघत हो म्हणायची.

तेराव्या वर्षी ती घराच्या भिंतीवर एकटीच चेंडू मारत असताना राजेशनं पाहिलं की ती बॅकहँड दोन्ही हातांनी मारते आहे. टीव्हीवरच्या सगळ्या मुली मारायच्या तसाच. दोन हातांनी चेंडू जोरात परत करता येतो, पण धावत नेटकडे जाणाऱ्याला तो जड जातो, असं राजेशचं मत होतं. त्यानं काही न बोलता रूपालीची ओढणी आणली आणि आरोहीचा डावा हात तिच्या कमरेला बांधला. ती हसली, तिला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी त्यानं परत बांधला. पावसाळा लागेपर्यंत ती रोज तशीच खेळली. कुंपणापलीकडून गावातली मुलं तिला चिडवायची. चंद्राबाईनं एकदा मुलाला विचारलं की पोरीनं काय चोरी केली आहे का. राजेश म्हणाला, “आई, तुला नाय कळायचं.”

रूपालीला टेनिस कळत नव्हतं, पण हात बांधलेली पोरगी तिला दिसत होती.

आरोही सोळा वर्षांची असताना पुण्यात झालेल्या राज्य स्पर्धेत फायनलला पोहोचली. राजेशला वाटलं, आपण सांगत होतो ते फळाला येतंय. कोर्ट लाल मातीचं होतं. समोरची मुलगी नाशिकची, खांद्यानं मजबूत. पहिल्या सेटमध्ये आरोही वडिलांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक सर्व्हिसमागं पुढं धावली आणि प्रत्येक वेळी चेंडू तिला चुकवून गेला. सेट बघता बघता हातचा गेला. खुर्चीवर बसून पाणी पिताना तिनं वडिलांकडे पाहिलं. राजेशनं हातानं खूण केली, पुढं जा, अजून लवकर जा. तिनं मान हलवली. ती होकाराची नव्हती हे त्याला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या सेटमध्ये तिनं सर्व्हिस केली आणि ती जागेवरच राहिली. राजेशला आधी वाटलं पाय भरून आले असतील. मग समोरून चेंडू तिच्या डाव्या बाजूला आला आणि तिनं दोन्ही हातांनी रॅकेट धरून तो असा मारला की नाशिकची मुलगी हललीसुद्धा नाही. असा फटका एका दिवसात येत नाही. तो हजारदा मारून घोटलेला होता. राजेशनं शेजारी बसलेल्या रूपालीकडे पाहिलं. ती समोर बघत राहिली. तिनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

तो उठला आणि बाहेर जाऊन गाड्या लावल्या होत्या तिथं उभा राहिला. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. बऱ्याच वेळानं मोठी टाळी झाली आणि थांबली. मग मनोज बाहेर आला. पंधरा-वीस वर्षांनी ते समोरासमोर आले होते. मनोजच्या दाढीत पांढरं आलं होतं. तो म्हणाला की आरोही जिंकली. मग त्यानं बाकीचंही सांगितलं. आईला भेटायला तो दर शनिवारी पुण्याहून चौकला यायचा. दीडेक वर्षापूर्वी रूपालीनं त्याला शोधून फोन केला होता. शनिवारी राजेश टोल नाक्याजवळच्या क्लबात असताना ती पोरीला घेऊन चौकला यायची आणि तिथल्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर मनोज तिला शिकवायचा. घरी मात्र मामाकडे जातो म्हणून सांगितलेलं असायचं.

“तिचा हात सोडवायलाच मला तीन महिने लागले,” मनोज म्हणाला. “राज्या, तू माझ्यावर रागाव. पोरीवर नको.”

राजेशच्या मनात फक्त एवढंच येत होतं की मनोजनं दुसऱ्यांदा त्याला मैदानात एकट्याला सोडलं.

घाट उतरून खाली आल्यावर खोपोलीच्या अलीकडे एका ढाब्यावर ते जेवायला थांबले, कारण आरोहीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिचा चषक मागच्या सीटवर होता. ताटं आली. राजेशनं हात लावला नाही.

“जिकलीस खरी,” तो म्हणाला. “पण हे टेनिस नाय. भिंतीसारखं उभं राहायचं आणि समोरचा दमायची वाट बघायची. याला काय अक्कल लागते?”

आरोही भाकरी मोडत होती, ती थांबली. आवाज न चढवता तिनं विचारलं, “पप्पा, तुमी तुमचं टेनिस खेळून कितींदा जिकलात?”

रूपालीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाजूच्या टेबलावर दोन ट्रकवाले जेवत होते, त्यातला एक वळून बघायला लागला. राजेश उठला आणि गाडीत जाऊन बसला.

जूनमध्ये आरोही मनोजच्या अकादमीत राहायला गेली. रूपाली तिला पोहोचवून आली. राजेश कोर्टावर होता, तो गेटपर्यंतही आला नाही. मनोजला त्यानं शिव्या दिल्या नाहीत, बायकोला जाब विचारला नाही. रूपालीनं आपणहून एकदा विषय काढला. ती म्हणाली, “खोटं बोलले ते वाईट केलं. पण तुमाला खरं सांगितलं असतं तर तुमी तिचा दुसरा हात पन बांधला असता.” त्यावर तो नुसता उठून गेला. त्या दिवसापासून त्यांच्यात कामापुरतं बोलणं उरलं.

त्या हिवाळ्यात तो रोज सकाळी गवत कापायचा, चुन्याच्या रेषा मारायचा, नेट ताणायचा आणि टोपलीभर चेंडू घेऊन एकटाच सर्व्हिस करायचा. प्रत्येक सर्व्हिसमागं नेटपर्यंत धावायचा. पलीकडं कुणी नव्हतं, त्यामुळं चेंडू परत यायचा नाही. तो नेटपाशी रॅकेट पुढं धरून क्षणभर उभा राहायचा आणि परत मागं जायचा. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाचे गुडघे किती दिवस ऐकणार? होळीच्या सुमारास उजवा गुडघा सुजला आणि ते बंद झालं. पुढच्या पावसात कोर्टावर लव्हाळा माजला. त्याच वर्षी कर्जतच्या एका मंडपवाल्यानं विचारलं की मागची सपाट जागा हळदी-लग्नाला देता का. मुंबईच्या लोकांना कडावकडं शेतात लग्न करायची हौस आली होती. राजेश हो म्हणाला. नेटचे खांब उपटले, तिथं स्टेज आलं. रूपालीला वाटलं होतं तो रडेल, निदान घर सोडून कुठंतरी जाईल. तो मंडपवाल्याच्या माणसांना विजेचं कनेक्शन कुठून घ्यायचं ते दाखवत होता.

आरोही त्या दोन वर्षांत खूप खेळली. ती वरच्या क्रमांकाच्या मुलींना हरवायला लागली. पेपरात तिचं नाव आलं. गणपतीला ती दोन दिवस घरी आली तेव्हा बापलेक एकाच पंगतीत जेवले, हवापाण्याचं बोलले. टेनिसचं नाव कुणी काढलं नाही.

मग नवी मुंबईत महिलांची व्यावसायिक स्पर्धा झाली. आरोही पात्रता फेरीत होती. शेवटचा सामना जिंकला की मुख्य स्पर्धेत प्रवेश, आणि तिथं खेळलं की पहिल्यांदा जागतिक क्रमवारीत नाव यायची संधी. रूपालीला कचेरीतून सुट्टी मिळाली नाही. राजेश कुणाला न सांगता गेला आणि अगदी वरच्या पायरीवर खांबाआड बसला.

सामना तिसऱ्या सेटपर्यंत लांबला. ऊन कडक होतं. समोरची मुलगी परदेशी होती. ती दमली होती आणि आता मागच्या रेषेपासूनही लांब, जवळजवळ कोर्टामागच्या पडद्याला टेकून खेळत होती. तिचे चेंडू आखूड पडायला लागले होते. राजेशला बसल्या जागेवरून सगळं स्वच्छ दिसत होतं. अर्धं कोर्ट रिकामं होतं. आरोहीनं चार पावलं पुढं टाकली असती आणि हवेतच चेंडू अडवला असता तर त्या मुलीला धावत येऊनही तो मिळाला नसता. आरोही पुढं आली नाही. आखूड चेंडू मारायची आणि परत मागं सरकायची. राजेशचे हात मांडीवर आपोआप हलत होते. आणि तेवढ्यात खाली बसलेला मनोज उभा राहिला आणि ओरडला, “आरोही, पुढं जा. पुढं!” पंचानं त्याला समज दिली. मागं थांब म्हणणारा मनोज आता पुढं जा म्हणत होता.

आरोहीनं ऐकलं. पण ती गेली नाही. परदेशी मुलीला मधेच दम मिळाला आणि ती सावरली. शेवटचा चेंडू आरोहीनं मागच्या रेषेवरूनच मारला, तो नेटमध्ये गेला.

ती हात मिळवून वळली आणि घाम पुसताना तिची नजर वर गेली. राजेश तोवर उभा राहिला होता. नंतर त्यानं स्वतःला कितीही समजावलं तरी त्या क्षणी त्याला काय वाटलं होतं ते त्याला माहीत होतं. त्याला बरं वाटलं होतं. पोरगी हरली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं म्हणणं सगळ्यांसमोर खरं ठरलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर होतं आणि तिनं ते बघितलं.

बाहेर नळापाशी ती तोंड धूत होती. तो गेला. त्याला म्हणायचं होतं की तू चांगली खेळलीस.

“तुमाला बरं वाटलं,” आरोही म्हणाली. ती रडत नव्हती.

राजेशला नाही म्हणता आलं नाही.

“मला काय दिसत नव्हतं काय पप्पा? पुढं जायला पायजे व्हतं ते मलापन दिसत व्हतं. मनोजकाका वर्षभर तेच सांगतायत, जरूर तिथं पुढं जा. मला येतंय ते. तुमीच शिकवलंय, अकादमीतल्या कुनापेक्षा बरं येतंय.” तिनं नळ बंद केला. “पन पाय उचलत नाय. पुढं गेले आणि जिकले, तर ती मॅच तुमी जिकली असं होईल.”

एवढं बोलून तिनं बॅग उचलली आणि ती मनोजच्या गाडीकडं गेली. मनोजनं लांबूनच राजेशला हात केला. राजेशनं केला नाही.

घरी आल्यावर त्यानं रूपालीला ती हरल्याचं सांगितलं. तुमी गेला व्हता का, काय बोलणं झालं, असं तिनं विचारलं तेव्हा काही नाही म्हणाला. पण आरोहीनं आईला फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि यापुढं पप्पांनी माझ्या मॅचला यायचं नाही असंही सांगितलं होतं. रूपालीनं तो निरोप जसाच्या तसा दिला. राजेशनं मान डोलावली.

आरोही अजून खेळते. कधी जिंकते, कधी हरते. मनोज म्हणतो की तिच्यासारखा हात त्यानं दुसऱ्या पोरीत पाहिला नाही आणि त्याचं चीज होईल की नाही हे त्याला सांगता येत नाही. गेल्या महिन्यात ती बंगळूरला एका स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेली. फोन आला तेव्हा रूपाली ओट्यावर भाजी चिरत होती. ती इतकी खूश झाली की सगळं विसरून धावत मागच्या अंगणात राजेशला सांगायला गेली, आरोहीनं मोठी मॅच मारली म्हणून.

राजेशनं कुणाला हरवलं ते विचारलं नाही, पोरगी कशी आहे ते विचारलं नाही. “पुढं गेली व्हती का?” एवढंच त्यानं विचारलं.

रूपाली तशीच वळून आत निघून गेली. तेव्हापासून तिनं त्याला काही सांगायचं बंद केलं आहे.